मापाची वही: शिवणवर्गातल्या साक्षरता तासाचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

सहा महिन्यांचा शिवणवर्ग होता. आठवड्यातून पाच संध्याकाळी, दोन-दोन तास. पहिला तास साक्षरतेचा, दुसरा शिवणाचा. नावनोंदणी १८ जणींची, वय २२ ते ५८. तिघींची घरची भाषा वेगळी होती. त्या मराठी बोलत, पण अडखळत. पाच जणी लहानपणी वर्ष-दोन वर्षे शाळेत जाऊन आल्या होत्या आणि सगळे विसरल्या होत्या. बाकीच्यांनी पाटीला हातच लावला नव्हता.

शिकवणारी माणसे दोन. साक्षरतेला एक निवृत्त शिक्षक, ज्यांना सगळे गुरुजी म्हणत. शिवणाला एक बाई, ज्यांची स्वतःची शिलाईवर तीस वर्षे गेलेली. मी समन्वयक होतो: हजेरी, अहवाल, साहित्य आणि भांडणे मिटवणे ही माझी कामे. ओळख पटू नये म्हणून ठिकाण आणि नावे येथे दिलेली नाहीत. शिकणाऱ्या बायकांचा उल्लेख त्यांच्या एखाद्या खुणेने केला आहे.

दोन तासांची ही मांडणी माझीच. आधी अक्षर, मग हुन्नर. कागदावर फार नेटकी दिसत होती.

काय बिघडले

पाचव्या आठवड्यात पहिल्या तासाला सहा-सात जणी असायच्या आणि दुसऱ्याला सोळा. बायका अगदी बरोबर तासाभराने उशिरा येत. कारणे ठरलेली: पाणी आले, पोरगे रडत होते, कामावरून सुटायला वेळ झाला. दुसऱ्या तासाला मात्र यातले काहीच आडवे येत नसे.

गुरुजी उत्तम शिकवायचे, पण पहिलीच्या मुलांना शिकवल्यासारखे. प्रवेशिकेचे पहिले पान, सोप्या अक्षरांचे दोन-तीन अक्षरी शब्द, मग काना, मग वेलांटी. चाळिशीच्या बाईला 'नमन कर' वाचायला लावले की ती वाचते, हसते आणि दुसऱ्या दिवशी येत नाही.

मी तेव्हा एक चूक केली. हजेरी सक्तीची केली आणि पहिला तास सुरू झाल्यावर दहा मिनिटांनी दार लावून घ्यायला सांगितले. आठवडाभर हा प्रयोग चालला. चार जणी यायच्या थांबल्या. त्यातल्या दोघी समजूत काढल्यावर परत आल्या, दोघी आल्याच नाहीत. प्रौढ माणूस स्वतःच्या पायाने येतो आणि स्वतःच्या पायाने जातो, हे प्रशिक्षणात आम्ही दुसऱ्यांना सांगत असू. दार लावताना ते मला आठवले नाही.

कापड चुकले तो दिवस

वर्गात एक बाई होत्या, वय पन्नाशीच्या आसपास. बांधकामावर वर्षानुवर्षे काम केलेल्या, बोलायला कमी. गुरुजींच्या वहीत त्यांच्या नावापुढे 'मंद' असा शेरा होता. अक्षर लक्षात राहत नाही, फळ्यावरचे वाचायला सांगितले की "गुरुजी, चष्मा घरी राहिला" म्हणतात. या वाक्यावर गुरुजींचा विश्वास नव्हता, आणि त्याला कारण होते. वाचता न येणारी माणसे ही सबब आयुष्यभर वापरतात. बँकेत, दवाखान्यात, मुलांच्या शाळेत. वीसेक वर्षे प्रौढांना शिकवलेल्या माणसाच्या कानाला ती सवयीची झालेली असते.

त्या दिवशी झगा बेतायचा होता. शिवणाच्या बाईंनी फळ्यावर छातीचे माप लिहिले, एकोणचाळीस, नेहमीप्रमाणे इंग्रजी आकड्यांत. कापडाला चौघडी घालायची, छातीचा चौथा हिस्सा घ्यायचा, वर सैलपणा आणि माया, म्हणजे शिवणीसाठीचे जास्तीचे कापड, सोडायची आणि खडूने रेघ मारायची. या बाईंनी कात्री लावली, कापड उलगडले तर झगा अंगात शिरेना. नेमका आठ इंच कमी.

शिवणाच्या बाई चिडल्या, कारण कापड नवे होते. मी तिथेच होतो, म्हणून विचारले, "चौथा हिस्सा किती धरला होता?"

"पावणेआठ."

क्षणाचाही विलंब नाही. एकतीसचा चौथा हिस्सा पावणेआठ होतो. एकोणचाळीसचा पावणेदहा. दर हिश्शाला दोन इंच, चार हिश्शांचे आठ. त्यांचा हिशेब चोख होता. फळ्यावरचा आकडाच त्यांनी एकतीस वाचला होता.

का, ते समजायला मला रात्र लागली. गुरुजींच्या तासाला देवनागरी आकडे शिकवले जात होते. देवनागरी एक आणि इंग्रजी नऊ शेजारी लिहून पाहा: वर गोल, खाली शेपूट. तीन मात्र दोन्हीकडे जवळपास सारखाच. पहिल्या तासाला जे नवे शिकलो ते दुसऱ्या तासाला लावायचे, असे आम्हीच त्यांना सांगितले होते. त्यांनी ते लावले.

म्हणजे वर्गातल्या 'मंद' बाई तोंडी अपूर्णांकात आमच्या सगळ्यांच्या पुढे होत्या आणि साक्षरतेच्या तासामुळे त्यांचे कापड वाया गेले होते. मी दुसऱ्या दिवशी सर्वांना तोंडी विचारून पाहिले. सव्वापाच आणि पाऊण किती, साडेसातचा अर्धा किती, अडीचाच्या चार पट्ट्या काढायला किती लागेल. बहुतेकींनी पटापट सांगितले. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच ही भाषा त्यांच्या जिभेवर होती. कागदावरचा 'एक छेद चार' मात्र सोळापैकी एकीलाही ओळखता आला नाही.

समोर असलेले पर्याय

तिघे बसलो. चार पर्याय निघाले.

पहिला, सक्ती चालू ठेवणे. तो मीच मागे घेतला. दुसरा, साक्षरतेचा तास बंद करून निखळ शिवणवर्ग चालवणे. शिवणाच्या बाईंचा कल इकडे होता. त्या म्हणाल्या, "मी स्वतः मापे डोक्यात ठेवून दहा वर्षे धंदा केला." हे खरे होते, पण त्याच बाईंनी नंतर वही का धरली, हे विचारल्यावर त्या हसल्या. गिऱ्हाइके वाढली की डोके पुरत नाही.

तिसरा, तासांची अदलाबदल: आधी शिवण, मग अक्षरे. सगळ्यात सोपा उपाय आणि अगदीच वरवरचा. दुसऱ्या तासाला वर्ग रिकामा झाला असता, एवढाच फरक.

चौथा, दोन्ही तास एकत्र करून शिवणाच्या कामातूनच अक्षरे आणि आकडे काढणे. गुरुजींचा याला विरोध होता आणि त्यांचा मुद्दा हलका नव्हता. त्यांनी १९६६ ते १९७३ या काळात युनेस्कोने अकरा देशांत राबवलेल्या प्रायोगिक साक्षरता कार्यक्रमाची आठवण करून दिली. तिथे साक्षरता थेट उत्पादक कामाशी जोडली होती आणि तिच्यावर टीकाही तीच झाली, की माणसाला कामापुरते वाचायला शिकवले. "मापाची वही भरता आली आणि सरकारी कागद वाचता आला नाही, तर आपण काय शिकवले?" त्यांचा प्रश्न.

मी ब्राझीलचे शिक्षणतज्ज्ञ पावलो फ्रेरे यांचे नाव काढले. १९६३ साली ईशान्य ब्राझीलमधल्या अँजिकोस या गावात सुमारे ३०० कामकऱ्यांना ४० तासांत वाचते करायचा तो प्रयोग. फ्रेरे यांची पद्धत अशी, की शिकणाऱ्यांच्याच जगण्यातला शब्द घ्यायचा, उदाहरणार्थ विटेला 'तिजोलो', त्यावर बोलायचे, मग शब्द फोडून अवयवांची, म्हणजे उच्चारातल्या तुकड्यांची, कुटुंबे करायची: त, ति, तो, तु. गुरुजी म्हणाले, ही तर बाराखडी. मी म्हटले, हो, आपल्याला ती आयती मिळालेली आहे, फक्त सुरुवात कुठल्या शब्दापासून करायची एवढेच ठरवायचे आहे. खरे सांगायचे तर आम्ही दोघेही आपापल्या सोयीचे उदाहरण काढत होतो. निर्णय झाला तो वाया गेलेल्या कापडामुळे.

चौथा पर्याय सहा आठवडे करून पाहायचा, असे ठरले.

आकडे कोणते आधी

टेपवर इंग्रजी आकडे. फोनवर तेच. मशीनवर टाक्याची लांबी ठरवणाऱ्या चकतीवर तेच. औषधाच्या पट्टीवरच्या तारखेतही तेच. प्रवेशिकेत आणि शेवटच्या चाचणीत मात्र देवनागरी.

दोन्ही एकदम शिकवणे हाच घोळाचा उगम होता, म्हणून एक मागे ठेवणे भाग होते. आम्ही इंग्रजी आकडे आधी घेतले. गुरुजींना ते बोचले. मराठी शिकवताना मराठी आकडे मागे टाकायचे, हे मलाही सुखाचे वाटले नाही. पण ज्या आकड्याशी रोज गाठ पडते तो आधी, या नियमाने गेलो. या निर्णयाची किंमत पुढे चाचणीत मोजावी लागली.

अपूर्णांकाचे काम मात्र बायकांनीच सोपे केले. टेपवर प्रत्येक इंचाचे आठ भाग असतात. कारागिरांच्या भाषेत एका भागाला सूत म्हणतात, आठ सूत म्हणजे इंच. बांधकामावर काम केलेल्या त्या बाईंना हे पाठ होते, कारण सुतार आणि गवंडी सुतातच बोलतात. त्यांनी साडेपाच लिहायला सांगितल्यावर इंग्रजी पाच काढला आणि त्याच्या डोक्यावर चार बारीक उभ्या रेघा मारल्या. पाच इंच चार सूत. पावणेसहाला पाचावर सहा रेघा.

हे खोडायचे की ठेवायचे? गुरुजींनी हातात खडू घेतला होता. आम्ही ठेवले. आठवड्याभरात अर्धा वर्ग रेघा मारू लागला. तीन आठवड्यांनंतर गुरुजींनी फळ्यावर चार रेघा काढल्या, खाली आडवी रेघ आणि तिच्याखाली आठ लिहिले. आठातल्या चार म्हणजे किती? "अर्धा." मग दोन रेघा: "पाव." सहा: "पाऊण." जो छेद-अंश शाळेत महिने खातो तो एका संध्याकाळी उलगडला, कारण उत्तर त्यांच्याकडे आधीपासून होते, चिन्ह तेवढे नवे होते.

अक्षरे कोणती आधी

मापाच्या वहीत लागणारे शब्द: छाती, कंबर, उंची, खांदा, बाही, मुंढा (बाही जोडतात तिथला घेर), मोहरी (बाहीच्या टोकाचा घेर), गळा, घेर. साक्षरतेच्या दृष्टीने यादी वाईट आहे. छ अवघड, ढ अवघड, वर चार शब्दांत अनुस्वार. कुठलीही प्रवेशिका यांनी सुरू होणार नाही.

मार्ग शिवणाच्या बाईंच्या स्वतःच्या वहीत सापडला. तिथे पूर्ण शब्द नव्हतेच. छा, कं, उं, खां, बा, मुं, मो, ग, घे. एका मापाला एक अवयव. नऊ खुणा, प्रत्येकीपुढे आकडा. पहिल्या आठवड्यात एवढेच शिकवले. जोडीजोडीने एकमेकींची मापे घ्यायची, वहीत टिपायची, मग वह्या अदलाबदल करून समोरचीचे माप मोठ्याने वाचायचे. माप चुकीचे वाचले की हशा पिकायचा, कारण कंबर छातीपेक्षा मोठी निघायची. चूक शिक्षकाने दाखवायची गरजच उरली नाही.

नंतर पूर्ण शब्द, मग शब्द फोडून बाराखडी. गळा, बाही, घेर एवढ्यांतून बाळ, घर, हार निघाले. एकदा एक बाई दवाखान्यातून थेट वर्गात आल्या आणि म्हणाल्या, तिथल्या दारावर 'बाहेर' लिहिले होते. हा शब्द आम्ही शिकवलेला नव्हता. बाहीतला बा, घेरातला एकार चढवून ही चा केलेला हे, आणि घेरातलाच र. गुरुजींनी त्यांना फळ्यावर लिहायला लावले आणि मग बराच वेळ काही बोलले नाहीत.

सही हा वेगळाच विषय निघाला. सात जणी हजेरीपटावर सुरेख सही करत. त्यातल्या एकीला मी तिच्या नावातले मधले अक्षर बोट ठेवून विचारले, तर सांगता येईना. सही हे चित्र म्हणून पाठ केलेले होते. नावनोंदणीच्या वेळी आम्ही त्या सातही जणींना 'अंशतः साक्षर' या रकान्यात टाकले होते.

ज्या तिघींची घरची भाषा वेगळी होती त्यांच्यासाठी फारसे काही करू शकलो नाही. मापाचे शब्द त्यांना चालले, कारण हाताखाली वस्तू होती. परिच्छेद सुरू झाले तसा शब्दच अनोळखी, मग तो वाचला काय आणि न वाचला काय. त्यांना आधी बोलण्याचा तास हवा होता.

चष्मा

बांधकामावरच्या त्या बाई आकड्यांत तरबेज झाल्या, पण अक्षरे पुढे सरकेनात. फळ्यावरचे वाचत, वहीतले नाही. गुरुजींना अजूनही सबब वाटत होती.

उलगडा सुईने केला. शिवणाच्या बाई सहज म्हणाल्या, "त्या आणि त्यांच्या शेजारच्या, दोघी रोज दोरा ओवायला पोरींकडे देतात." पहिल्या दिवसापासून देत होत्या. दुसऱ्या खोलीत रोज दिसणारी गोष्ट पहिल्या खोलीत कोणी सांगितली नव्हती, कारण दोन शिक्षक एकमेकांच्या तासाला कधी बसलेच नव्हते.

चाळिशीनंतर डोळ्यातल्या भिंगाचा लवचीकपणा कमी होतो आणि जवळचे धूसर दिसू लागते. आपण त्याला चाळिशीच म्हणतो, शब्दच तसा आहे. वाचणाऱ्या माणसाला ते लगेच कळते. न वाचणाऱ्याला कळायला वर्षे लागतात, कारण त्याचे जवळचे काम हातांच्या सवयीने चालते. चाळीस ओलांडलेल्या नऊ जणींचे डोळे तपासून घेतले. सहा जणींना जवळचा चष्मा लागला. त्या बाईंना सर्वांत मोठा नंबर. त्यांच्याकडे घरी कुठलाही चष्मा नव्हता. वाचता येत नाही हे झाकायला शिकलेले वाक्य त्या वापरत होत्या, आणि नेमके तेच वाक्य त्यांच्या बाबतीत निम्मे खरे होते.

चष्मा आल्यावर त्यांनी प्रथम टेप डोळ्यांजवळ धरला. "सूत सुटे सुटे दिसतात," म्हणाल्या.

निष्पत्ती

सोळापैकी अकरा जणींनी वर्ग पुरा केला. एकीला बाळंतपण आले, दोघी कामाच्या जागेसोबत दुसरीकडे गेल्या, दोघी का गेल्या ते कळले नाही. अकराही जणी मापाची वही स्वतः भरतात आणि दुसरीने भरलेली वाचतात.

अखेरची चाचणी मात्र अकरांपैकी चौघीच उत्तीर्ण झाल्या. तिच्यात एक परिच्छेद, एक अर्ज आणि देवनागरी आकड्यांतली बेरीज-वजाबाकी होती. देवनागरी आकड्यांना आम्ही शेवटचे जेमतेम दोन आठवडे दिले होते. ज्या बाईंनी पावणेआठ क्षणात सांगितले होते त्या हिशेबाच्या प्रश्नात नापास झाल्या.

अहवालात काय लिहायचे यावर आमचे पुन्हा वाजले. युनेस्कोची १९५८ची व्याख्या लावली, रोजच्या जगण्याविषयीचे साधे विधान समजून वाचता-लिहिता येणे, तर काठावरच्या तीन-चार जणी धरून सात-आठ बसतात. १९७८ची कार्यात्मक साक्षरतेची व्याख्या लावली, म्हणजे आपल्या गटात आणि समाजात वावरताना लागणारे वाचन, लेखन आणि हिशेब जमणे, तर वहीपुरत्या अकराही बसतात आणि बँकेपुरत्या फार थोड्या. शेवटी मी दोन रकाने केले: चाचणीत काय जमले आणि वर्गाबाहेर काय जमते. निधी देणाऱ्यांनी पहिल्याच रकान्याबद्दल विचारले.

गुरुजींची मूळ शंका निम्मी खरी ठरली, हे नोंदवायला हवे. सरकारी कागद बहुतेकींना अजून वाचता येत नाही.

वेगळे काय करता आले असते

नावनोंदणीच्या दिवशी प्रत्येकीला सुईत दोरा ओवायला द्यायला हवा होता. याला दोन मिनिटे लागतात. शिवणवर्गात ते कुणाला परीक्षा वाटत नाही आणि जवळची नजर लगेच कळते. अडीच महिने वाचले असते आणि एका बाईंच्या नावापुढचा तो शेराही.

साक्षर-निरक्षर हा रकाना सहीवरून भरायचा नाही. नावातले एक अक्षर दाखवून विचारायचे, तेही चारचौघांत नाही.

तोंडी हिशेब पहिल्याच आठवड्यात ऐकायला हवा होता. काय येत नाही याची यादी आमच्याकडे छापील होती, काय येते याची नव्हती.

देवनागरी आकडे मागे ठेवणे मला आजही बरोबर वाटते, पण ते चौथ्या महिन्यात आणायला हवे होते, सहाव्यात नाही. शिवाय एक आणि नऊ यांची जोडी मुद्दाम शेजारी ठेवून शिकवायला हवी.

मापाच्या वहीतून मोठ्या मजकुराकडे जाणारी पायरी आमच्याकडे नव्हती. शेवटच्या महिन्यात गुरुजींनी बायकांनी सांगितलेल्या हकिगती जशाच्या तशा लिहून त्याच वाचायला देणे सुरू केले. वाचन तिथे वेग घेऊ लागले होते आणि वर्ग संपला. हे दुसऱ्या महिन्यात सुरू करता आले असते. एका तरुण बाईला तर शिवणापेक्षा फोनवरचे निरोप वाचायचे होते. तिने ते पहिल्या दिवशी सांगितलेही होते. आम्ही तिला झगा शिवायला लावला, आणि का गेल्या ते कळले नाही अशा दोघींत ती आहे.

दोन्ही शिक्षकांनी आठवड्यातून एकदा तरी एकमेकांच्या तासाला मागे बसायचे, हे पुढच्या तुकडीपासून ठरवले आहे. पहिल्याच बैठकीत शिवणाच्या बाईंनी गुरुजींच्या हातात सुई-दोरा दिला. गुरुजींनाही ओवता आला नाही.